लाट वर आली की

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आम्ही तिघी आमच्या इमारतीत लिफ्टची वाट बघत उभ्या होतो. मी, आई आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. आम्ही दोघी गोखले रोडवरून चालत आलो होतो, आईच्या हातातल्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. काकूंनी आधी मेथीचा भाव विचारला आणि मग एकदम म्हणाल्या, "अहो, तुम्ही दोनदा जाऊन आलात ना क्रूझला? आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, मुलगा मागे लागलाय जा म्हणून. दोन्हींतली कुठली बोट बरी?" याचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. गेलं वर्षभर मी ते ऑफिसमध्ये, नात्यात, लग्नकार्यात देत आले आहे. पण मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पहिली." एवढंच. लिफ्ट आली, काकू तिसऱ्यावर उतरल्या, आम्ही पाचव्यावर. घरात आल्यावर आईने जमिनीवर पेपर पसरला आणि ती मेथी निवडायला बसली.

पहिली कशी काय?

मी चहा टाकला, गॅससमोर उभी राहिले, आणि चहा उतू जाईपर्यंत तोच शब्द डोक्यात घोळत राहिला. कारण पहिल्या बोटीबद्दल मी आईची दोन वर्षं माफी मागत होते. उघडपणे कमी, मनातून जास्त. २०२२च्या डिसेंबरात मी तिला मुंबई-गोवा-मुंबई अशा बोटीने नेलं, आणि परत आल्यावर माझी ठाम समजूत झाली की आपण तिची सहल वाया घालवली. बाबा असताना दोघांना कुठे नेणं जमलं नाही. आधी माझं लग्न, मग मुलाची शाळा, मग घराचे हप्ते, आणि मग बाबाच राहिले नाहीत. त्या अपराधाची भरपाई म्हणून पहिली सहल होती, आणि पहिल्या सहलीची भरपाई म्हणून दुसरी. दुसरीसाठी मी एक एफडी मोडली. सिंगापूरहून सुटणारी परदेशी कंपनीची बोट, चार रात्री, पेनांग आणि फुकेत, समुद्राकडे उघडणाऱ्या बाल्कनीची खोली. २०२४च्या नोव्हेंबरात जाऊन आलो. आता माझा हिशेब चुकता झाला, असं मला वाटलं होतं.

पहिल्या बोटीचं सगळं मला अजून आठवतं ते आवाजासकट. बॅलार्ड पिअरला आम्ही दुपारी बाराला पोचलो आणि खोलीत पाय टाकायला साडेतीन वाजले. आधी सामानाची रांग, मग कागदपत्रांची, मग सुरक्षा तपासणीची. पुढे एक चाळीस माणसांचं कुटुंब होतं, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट. त्यांतल्या एका आजोबांनी डबा उघडला आणि रांगेतच ठेपले फिरले, आम्हालाही मिळाले. खोली खालच्या मजल्यावर होती, खिडकी म्हणजे ताटाएवढी गोल काच, आणि उशीला कान लावला की बोटीच्या पोटातली घरघर थेट दातांपर्यंत यायची. एसी कमी करायचं बटण चालत नव्हतं. वर पोहण्याच्या तलावाशी दुपारपासून डीजे सुरू झाला तो रात्री एकपर्यंत. जेवणाच्या हॉलमध्ये पावभाजीच्या तव्याभोवती चार ओळींचा गराडा, जैन जेवणाच्या काउंटरवर वेगळी रांग, आणि 'संपलं, आत्ता येतंय' हे वाक्य दर पाच मिनिटांनी. मी ताटं घेऊन आईसाठी जागा शोधत फिरत होते आणि माझा जीव चडफडत होता. मला वाटत होतं, हे सगळं आईलाही असंच लागतंय.

आता मागे जाऊन आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न करते, तर तो कुठेच वैतागलेला सापडत नाही. सुटण्याआधी सगळ्यांना सुरक्षेच्या सरावासाठी डेकवर बोलावलं होतं. आधी सात छोटे भोंगे, मग एक लांब. लोक सेल्फी काढत होते, मुलं नारिंगी जाकिटांच्या शिट्ट्या फुंकत होती. आई मात्र नीट उभी. जाकिटाचा पट्टा तिने दोनदा ओढून बघितला, माझाही बघितला, आणि खलाशी कुठली होडी आपली म्हणून दाखवतोय तिकडे मान वळवून ती होडी पक्की डोळ्यांत भरून घेतली. मी म्हटलं, "अगं, नुसती रीत असते ही." ती म्हणाली, "रामदास बुडाली तेव्हा काय होतं लोकांकडे?" १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. आईचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी. तिने ती बोट पाहिलेलीसुद्धा नाही. पण बोटीने गावी ये-जा करणाऱ्या घरांमध्ये ही गोष्ट पोरांना वरणभाताबरोबर भरवली जायची. तिची आजी बोटीत पाय ठेवण्याआधी दर वेळी समुद्राला नारळ द्यायची आणि पुटपुटायची, ते काय पुटपुटायची ते आईला कधीच कळलं नाही.

बोट सुटली तेव्हा सूर्य कलला होता. टग बाजूला झाला, ससून डॉक मागे पडलं, दीपगृहाचा तो समुद्रात उभा प्राँग्सचा मनोरा उजवीकडून गेला. पुढे डाव्या हाताला खांदेरी दिसू लागली, पाठीमागे अलिबागची काळसर रेघ. डेकवर तेव्हा नाच चालू होता. आई कठड्याशी गेली, पदर डोक्यावरून घेतला आणि बेटाकडे बघून हात जोडले. तिथे वेताळाचं देऊळ आहे, कोळी लोक त्याला मानतात, हे मला ठाऊक होतं. पण आई त्याला मानते हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "मी कुठे मानते? आजी करायची."

गोव्याचा दिवस असाच गेला. मुरगावला उतरलो, मंगेशीला जाऊन आलो, उन्हात दमलो, संध्याकाळी परत बोटीवर. गोवा काय, आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे.

खोल्यांची साफसफाई करणारा एक मुलगा होता, पंचविशीचा. पहिल्या दिवशी चादर बदलताना त्याने आईचं बोलणं ऐकलं, तो थबकला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही मालवण साइडच्या काय?" आई म्हणाली, "देवगड. तू?" तो मालवणचाच निघाला. मग दोघांचं जे सुरू झालं! कोणाची वाडी कुठे, यंदा कलमांना मोहोर कसा आहे, सुरमई काय भावाने जाते. त्याचे वडील मासेमारीला जात, याने मात्र हॉटेलचा कोर्स केला आणि बोटीवर आला. परतीच्या संध्याकाळी तो टॉवेल द्यायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "आजी, रात्री अकरा-साडेअकराला जाग्या असाल तर वर जा. उजव्या अंगाला उभ्या रहा. आपल्या गावावरनं जाणार बोट." त्याला कसं कळतं, मी विचारलं. तो म्हणाला, त्या सुमाराला कधीकधी फोनला रेंज येते, दोन मिनिटं, चार मिनिटं, कधी येतही नाही. आली की तो घरी फोन लावतो.

त्या रात्री मला बोट लागली होती. वारा उठला होता, बोट डुलत होती, पावभाजीचा नुसता वास आठवला तरी घशाशी येत होतं. अ‍ॅव्होमीन घेऊन मी पडून होते. आईने पर्समधून आमसूल काढून माझ्या जिभेखाली ठेवलं, डोळे मिटू नकोस म्हणाली, लांब बघ म्हणाली. पण त्या गोल काचेतून लांब काय दिसणार? अकराला तिने शाल घेतली. तिला एकटीला कसं सोडणार म्हणून मीही उठले, भिंत धरत धरत गेले. वरच्या डेकवर डीजे होता म्हणून आम्ही त्याखालच्या, होड्या टांगलेल्या मजल्यावर गेलो. तिथे कोणी नव्हतं. वाऱ्याने शालीची टोकं फडफडत होती, कठडा खारट आणि चिकट लागत होता. समोर काळोख, आणि त्यात मासेमारीच्या बोटींचे पांढरे-हिरवे दिवे, इतके की एखादं गाव पाण्यावर तरंगतंय असं वाटावं. आई काही न बोलता बघत राहिली. किती वेळ, सांगता येणार नाही. मला थंडी वाजत होती आणि परत खाली जायचं होतं. मग ती एकदम म्हणाली, "तो बघ." मला काही वेगळं दिसलं नाही. ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली. एक, दोन, तीन. थांबली. पुन्हा एकपासून. तीनदा मोजलं. मग म्हणाली, "हाच."

तिच्या लहानपणी मे महिन्यात सगळी भावंडं रात्री अंगणात झोपायची. देवगडच्या किल्ल्यावरच्या दीपगृहाचा झोत कलमांच्या शेंड्यांवरून फिरत जायचा. आजोबा पोरांना मोजायला लावायचे. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते, तांडेल तीवरून ओळखतो आपण कुठे आहोत ते, म्हणून आपल्या गावाचा दिवा पाठ असला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मोजता मोजता एकेक पोर झोपून जायचं. आई म्हणते, ती शेवटपर्यंत जागी असायची.

मला अजून खात्री नाही. किनारा किती लांब होता, तो दिवा तिथून दिसतो का, तिने मोजलेला झोत होता की लाटेमागे लपणारा-दिसणारा एखादा ट्रॉलर, मला खरंच सांगता येणार नाही. मला दिसलं नाही, एवढं मात्र खरं. आणि त्या वेळी माझं पोट ढवळत असल्यामुळे मी "हो का" एवढंच म्हणाले आणि तिला खाली घेऊन आले. ते "हो का" मला आता टोचतं.

तिच्या लहानपणीची बोट वेगळी होती. रोहिणी, चंपावती ही नावं मी लहानपणापासून ऐकत आले, मैत्रिणींची नावं घ्यावीत तशी ती घ्यायची. पुढे कोकण सेवक, कोकण शक्ती. गिरगावातल्या चाळीतून व्हिक्टोरिया करून धक्क्यावर, डेकवर वळकटी पसरून जागा अडवायची, पत्र्याच्या ट्रंकेला टेकून बसायचं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग. एकेक बंदर घेत बोट देवगडला पोचायची तोवर रात्र झालेली असायची. बहुतेक बंदरांत धक्का नाहीच, बोट बाहेर नांगरायची आणि कंदील लावलेले पडाव वल्ही मारत यायचे. वरून शिडी, खाली हलणारा पडाव, मधे काळं पाणी. बायका, पोरं, फणस, ट्रंका, सगळं त्याच वाटेने उतरायचं. खलाशी हात धरायचा आणि ओरडायचा, "लाट वर आली की पाय टाक!" खाली जाणाऱ्या लाटेवर पाय टाकला की माणूस पडाव आणि बोटीच्या मधे गेलाच. आईने हे आम्हाला इतक्यांदा सांगितलं आहे की एसटीतून उतरतानाही आम्ही भावंडं ते वाक्य म्हणायचो. पावसाळ्यात बोटी बंद. तेव्हा गावाकडून पत्र येईल तेवढंच. मग रस्ते झाले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि त्या बोटी आईच्या बोलण्यातच उरल्या.

आता दुसरी बोट. तिच्याबद्दल मी कुणालाही भरभरून सांगते आणि पुढेही सांगेन, कारण जे चांगलं आहे त्याला चांगलं म्हटलंच पाहिजे. मरीना बेच्या टर्मिनलवर आम्ही गाडीतून उतरल्यापासून खोलीत पोचेपर्यंत चाळीस मिनिटं लागली. आईसाठी व्हीलचेअर मागितली नव्हती, तरी तिची चाल बघून एका मुलीने आणून दिली. बोट बारा डब्यांच्या लोकलहून लांब, आणि चार हजारांच्या वर माणसं असूनही कुठे धक्का म्हणून लागला नाही. खोलीत बाल्कनी, दोन खुर्च्या, पांढरीशुभ्र गादी. खोली बघणारा माणूस इंडोनेशियाचा. त्याने पहिल्याच भेटीत आईचं नाव विचारून घेतलं आणि चार दिवस तिला त्याच नावाने हाक मारली. ती चहात साखर घेत नाही हे त्याला दुसऱ्या दिवशी न सांगता माहीत होतं. रोज संध्याकाळी पलंगावर टॉवेलचा एकेक प्राणी: हत्ती, ससा, माकड. आईने हत्ती मोडू दिला नाही, तो शेवटपर्यंत आरशापुढे बसून होता. जेवणात भारतीय काउंटर वेगळा, डाळ चांगली, भात मोकळा, सकाळी इडलीसुद्धा. सुरक्षेचा सराव तर खोलीतल्या टीव्हीवर, आणि मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवून आलं की झालं. भोंगा मात्र तोच. सात छोटे, एक लांब. आईने कान टवकारले आणि माझ्याकडे बघून हसली.

एक गोष्ट तिला फार लागून राहिली. बक्षिसी बिलातच धरलेली असते, माणशी, दर रात्रीची, हे मी तिला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्याच्या हातात काय द्यायचं?" मी म्हटलं, काही द्यायला लागत नाही. "लागत नाही ते मला कळलं," ती म्हणाली. शेवटच्या सकाळी तिने ठाण्याहून आणलेल्या डब्यातले उरलेले चार बेसनाचे लाडू कागदी रुमालात बांधून त्याला दिले. त्याने दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले की काय असं मला क्षणभर वाटलं. त्याने ते खाल्ले असतील का, बाहेरचं खाणं घेऊ नये असा त्यांना नियम असेल का, हे मी परतीच्या विमानात बराच वेळ विचार करत होते. मालवणच्या पोराला तिने काय दिलं होतं? काहीच नाही. उलट तोच उतरताना आईच्या पाया पडला होता आणि तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

त्या बोटीवर समुद्र मात्र शोधावा लागायचा. आत दुकानं, नाटकगृह, लिफ्टच्या रांगा, मजल्यांमागून मजले. एका दुपारी आई एकटी खाली गेली आणि वाट चुकली. एकसारखे दरवाजे, एकसारखा गालिचा, दोन्हीकडे टोक दिसू नये एवढा लांब बोळ. मी तिला शोधून काढलं तेव्हा ती भिंतीला टेकून शांत उभी होती. "पाणी कुठल्या बाजूला आहे तेच कळेना," ती म्हणाली, "ते कळलं असतं तर आले असते." रात्री बाल्कनीत बसलो. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पाणी तळ्यासारखं, बोट हलते आहे याची जाणीवही होत नव्हती. मी त्याच्यावरच खूष होते, गोळी घ्यावी लागली नव्हती. आई म्हणाली, "ही हलत का नाही?" मी सांगितलं, बोटीला दोन्ही अंगांना पंख असतात, ते पाण्याखाली उघडतात आणि डोलणं मोडून काढतात. तिने मान डोलावली. समोर नांगरलेली आणि चालणारी जहाजंच जहाजं, त्यांच्या दिव्यांची रांग संपेना. ती थोडा वेळ बघत राहिली, पेरांवर अंगठा ठेवला, आणि मग काढून घेतला. "खूप आहेत," म्हणाली, आणि आत जाऊन झोपली.

पेनांगला आम्ही फार फिरलो नाही. ऊन होतं. जॉर्जटाउनच्या एका गल्लीत तमिळ बायका गजरे विकत होत्या, आईने एक घेतला आणि तो बोटीवर दोन दिवस टिकला.

फुकेतला ही बोट धक्क्याला लागत नाही. पातोंगच्या किनाऱ्यासमोर, बाहेर पाण्यात नांगरते, आणि लहान बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. हे मला आधी माहीत असतं तर मी घाबरले असते. खालच्या मजल्यावर बोटीच्या कुशीत एक दार उघडलं होतं, बाहेर छोटासा पाट, आणि त्याला लागून छोटी बोट वरखाली होत होती. लाट म्हणावी एवढी मोठी नव्हती, पण अंतर दर वेळी बदलत होतं. पुढची माणसं घोटाळत होती, कोणी पाय पुढे करून मागे घेत होतं, दोन्ही बाजूंनी खलाशी दंड धरून 'स्टेप, स्टेप' म्हणत होते. आमची पाळी आली. मी आईचा हात घट्ट धरला. तिने तो सोडवून घेतला. साडीचा काठ डाव्या हाताने जरा वर उचलला, उजवा हात खलाशाला दिला, आणि ती थांबली. छोटी बोट खाली गेली, ती थांबली. वर आली, आणि तिने पाय टाकला. इतका सहज, की खलाशाने दंडाला दिलेला आधार तसाच हवेत राहिला. पंचाहत्तर वर्षांची बाई, जिच्यासाठी घरी बाथरूमच्या उंबऱ्याशी मी दांडी बसवून घेतली आहे. आत बसल्यावर तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी अजून पाटावरच होते. तिने हात वर केला, थांब अशी खूण केली. बोट खाली गेली, वर आली. "हं, आता," ती म्हणाली.

त्या दिवशी किनाऱ्यावर आम्ही काय पाहिलं ते मला धड आठवत नाही. जाताना आणि येताना ती छोट्या बोटीत पुढच्या बाकावर बसली होती, तोंडावर पाणी उडत होतं, ते पुसायचं तिच्या मनातही आलं नाही.

मग तरीही पहिली का? मेथीच्या त्या संध्याकाळनंतर दोन-तीन दिवस मी हे मनात फिरवत राहिले. थोडी दुखावलेही होते, ते लपवत नाही. एफडी मोडल्याचं दुःख नाही. पण आपण कुणासाठी काहीतरी मोठं केलं, आणि त्या माणसाच्या मनात आपण लाज वाटून बाजूला ठेवलेली गोष्टच घर करून राहिली, तर हात रिकामे वाटतात. एका रात्री मासुंद्यावर चालायला गेलो. तलावपाळीला नेहमीची गर्दी, पाण्यात पायाने मारायच्या बोटी, त्यांवर रंगीत दिव्यांच्या माळा, पलीकडे गडकरी रंगायतनासमोर गाड्या. बाकावर बसलो. मी विचारलं, "आई, दुसऱ्या बोटीत तुला काय कमी वाटलं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "फार चांगली होती ती. किती जपलं त्यांनी."

"मग काकूंना पहिली का म्हणालीस?"

ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. एक मुलगा पायाची बोट गोल गोल फिरवत होता, त्याला ती सरळ नेता येत नव्हती. "तू त्या रात्री आजारी होतीस," आई म्हणाली, "तरी वर आलीस माझ्याबरोबर." आणि मग थोड्या वेळाने, जणू दुसरंच काही बोलतोय अशा स्वरात, "तुला दिसला नव्हता ना दिवा?"

मी नाही म्हणाले. इतक्या दिवसांनी खरं बोलले.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मोजायला शिकवीन."

रविवारी सकाळी काकू वर आल्या. हातात फोन, त्यात मुलाने पाठवलेले दोन कंपन्यांचे दर, खोल्यांचे फोटो, तारखा. त्यांनी सगळं आईसमोर धरलं. "तुम्ही पहिली म्हणालात खरं, पण मुलगा म्हणतो तिथे गर्दी असते, आवाज असतो. माझं काही ठरत नाहीये. नीट सांगा ना." आईने चष्मा लावला, फोन हातात घेतला, फोटो वर सरकवले, खाली सरकवले. फोन परत दिला.

"तुमचं गाव कुठलं हो?" तिने विचारलं.

"माझं माहेर कऱ्हाड," काकू म्हणाल्या, "आणि ह्यांचं कोरेगाव."

आई जरा गप्प बसली. स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली, मी गॅस बारीक करायला उठले, आणि तिथूनच ऐकलं.

"मग दुसरीने जा," ती सांगत होती. "आणि फुकेतला छोट्या बोटीत उतरताना घाई करू नका. लाट वर आली की पाय टाका."